हापूसच्या पेट्या आणि न आलेले उत्तर: विश्वासार्ह वितरित प्रणाली उभारणाऱ्या नवोदितांसाठी

मार्च उजाडला की देवगडच्या संकलन केंद्रावर हापूसच्या पेट्या उतरू लागतात आणि त्याच पेट्यांची नोंदणी एकाच वेळी तीन ठिकाणी सुरू होते: केंद्रावरच्या संगणकावर, वाशीच्या गाळ्यावर आणि पुण्या-मुंबईच्या ग्राहकांच्या मोबाइलवर. तिन्हीकडे हिशेब एकच राहायला हवा, पण मध्ये शेकडो किलोमीटरचा रस्ता, वारंवार जाणारी वीज आणि महामार्गाच्या खोदकामात तुटणारी केबल आहे. एकमेकांशी केवळ निरोपांनी बोलणाऱ्या, तरीही बाहेरच्या माणसाला एकच भासल्या पाहिजेत अशा संगणकांच्या समूहाला वितरित प्रणाली म्हणतात. मी कोकणातल्या बागायतदारांच्या गटांसाठी अशा प्रणाली बांधतो, म्हणून पेट्यांच्या नोंदणीचे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे. रुग्णालयाच्या नोंदी असोत वा बोटीची तिकिटे, पायऱ्या त्याच राहतील.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असू द्यावी. एकाच संगणकावर एखादे काम होते किंवा होत नाही. दोन संगणकांत मात्र तिसरी शक्यता निर्माण होते: उत्तरच येत नाही. यूपीआयवरून पैसे पाठवल्यावर पडद्यावर ‘प्रलंबित’ असे दिसते, तेव्हा आपल्याला जे कळत नसते तेच पाठवणाऱ्या संगणकालाही कळत नसते. निरोप वाटेत हरवला, की पोचून काम झाले आणि उत्तर हरवले, की समोरचा संगणक फक्त मंदावला आहे, हे तीन प्रकार पाठवणाऱ्याच्या बाजूने हुबेहूब सारखे दिसतात. पोच मागवून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग पोच पोचली की नाही याची पोच लागते आणि ती साखळी कधीच संपत नाही. पुढच्या बहुतेक सर्व पायऱ्या या न आलेल्या उत्तराचे काय करायचे, यासाठीच आहेत.

पहिली पायरी: वितरण खरोखर हवे आहे का, ते ठरवा

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये लिहिले होते की, ज्या संगणकाच्या अस्तित्वाचीही आपल्याला कल्पना नव्हती, तो बंद पडल्यामुळे आपला संगणक निरुपयोगी होतो, त्या व्यवस्थेला वितरित प्रणाली म्हणावे. नवोदिताने हे वाक्य गांभीर्याने घ्यावे. चांगल्या डिस्कचा एक सर्व्हर आणि त्यावर पोस्टग्रेस-क्यूएलसारखा डेटाबेस सेकंदाला शेकडो व्यवहार सहज पेलतो, आणि आंब्याच्या ऐन हंगामातही एखाद्या गटाची नोंदणी तिथवर जात नाही. केवळ भार वाढेल या भीतीने काम अनेक यंत्रांत विभागणे बहुधा चुकीचे ठरते. वितरणाची दोन कारणे मात्र खरी आहेत: एक यंत्र मेले तरी काम चालू राहायला हवे, आणि एखाद्या ठिकाणाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला तरी तिथले काम चालू राहायला हवे. कोकणात दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असते. यांपैकी एकही लागू नसेल, तर एक सर्व्हर आणि दुसऱ्या शहरात रोज जाणारा बॅकअप एवढ्यावरच थांबावे.

दुसरी पायरी: काय काय बिघडू शकते ते लिहून काढा

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणारे पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास वितरित प्रणाली बांधणाऱ्यांच्या चुकीच्या समजुतींची यादी केली, आणि तिच्यातली पहिलीच समजूत ‘नेटवर्क भरवशाचे असते’ ही आहे. ही यादी वाचून पुढे न जाता आपल्या जागेची स्वतःची यादी कागदावर करावी. वीज किती वेळा आणि किती वेळ जाते, ती गेल्यावर मोबाइलचा टॉवर बॅटरीवर किती तास टिकतो, केंद्रावरचा इन्व्हर्टर राउटरला जोडलेला आहे की फक्त दिव्यांना, केबल कोणत्या रस्त्याने येते, हे सर्व त्यात यावे. यंत्र बंद पडणे हा बिघाडाचा सर्वांत सोपा प्रकार आहे. यंत्र चालू आहे, ‘जिवंत आहेस का’ या प्रश्नाला उत्तर देते, पण डिस्क भरल्यामुळे एकही नोंद लिहू शकत नाही, असा अर्धवट बिघाड फार त्रास देतो, कारण देखरेख करणारा कार्यक्रम (प्रोग्राम) त्याला ठणठणीत समजत राहतो.

यादी झाली की थोडे गणित करावे. वर्षातला ९९.९ टक्के वेळ चालू राहणारी सेवा वर्षभरात सुमारे पावणेनऊ तास बंद असते, ९९.९९ टक्के म्हटले तर सुमारे ५३ मिनिटे. नोंदणीला चार सेवा लागत असतील, प्रत्येक ९९.९ टक्के चालत असेल आणि एक जरी बंद असली तरी नोंदणी अडत असेल, तर चारींचा गुणाकार सुमारे ९९.६ टक्के येतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३५ तास काम बंद. जोडलेला प्रत्येक नवा दुवा एकूण भरवसा कमी करतो. उलट, एकमेकींची जागा घेऊ शकणाऱ्या दोन प्रतींनी भरवसा वाढतो: प्रत्येकी ९९ टक्के चालणाऱ्या दोन प्रतींचे एकत्र ९९.९९ टक्के होतात.

पण या दुसऱ्या गणितात एक अट दडलेली आहे, की दोन्ही प्रतींचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातली वीज, टॉवर आणि रस्ते एकदमच गेले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. त्या पट्ट्यात दोन गावांत ठेवलेल्या दोन प्रती कागदावर दोन असल्या, तरी त्या दिवशी एकच होत्या. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. तिथे संगणकाशेजारच्या कपाटात ठेवलेला बॅकअप संगणकाबरोबरच बुडणार होता. म्हणून प्रतींची संख्या ठरवण्याआधी त्यांचा विजेचा फीडर, नदीचे खोरे आणि केबल एकच आहे का, हे पाहावे.

तिसरी पायरी: पुन्हा पाठवणे सुरक्षित करा

उत्तर आले नाही तर निरोप पुन्हा पाठवावा, हे कोणालाही सुचते. मलाही पहिल्या वर्षी तेच सुचले होते. एप्रिलमधल्या एका शनिवारी पुण्याच्या एका ग्राहकाने मोबाइलवरून एक पेटी नोंदवली. निरोप सर्व्हरपर्यंत पोचला, नोंद झाली, पैसे वळते झाले, पण उत्तर परत येताना जोडणी तुटली. माझ्या ॲपने ३० सेकंद वाट पाहून तीच विनंती दुसऱ्यांदा आणि मग तिसऱ्यांदा पाठवली. सर्व्हरने प्रत्येक वेळी नवा नोंदणी क्रमांक दिला आणि ग्राहकाच्या खात्यातून एका पेटीचे तीनदा पैसे गेले. जोडणी तुटणे माझ्या हाती नव्हते. नोंदणीचा क्रमांक सर्व्हरवर तयार करण्याचा निर्णय मात्र माझा होता, आणि सारे तिथेच बिघडले.

योग्य रीत अशी आहे. ग्राहक नोंदणीचा अर्ज उघडतो त्याच क्षणी त्याच्या फोनवर एक लांब यादृच्छिक (रँडम) क्रमांक तयार करावा आणि काहीही पाठवण्याआधी तो फोनच्या साठवणीत लिहून ठेवावा, म्हणजे ॲप बंद होऊन पुन्हा उघडले तरी तोच क्रमांक हाती राहतो. विनंती कितीही वेळा गेली तरी तिच्यासोबत हाच क्रमांक जावा. सर्व्हरवर हा क्रमांक ठेवण्याच्या रकान्यावर ‘एकच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ शकत नाही’ असे बंधन डेटाबेसमध्येच घालावे आणि तो क्रमांक, नोंद व साठ्यातली वजावट या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहारात, म्हणजे तिन्ही होतील किंवा एकही होणार नाही अशा रीतीने, लिहाव्यात. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने चूक दाखवू नये. पहिल्या वेळी दिलेले उत्तरच पुन्हा द्यावे. पैसे वळते करणाऱ्या सेवेकडेही याच क्रमांकावरून ठरलेला संदर्भ पाठवावा, नाहीतर आपली नोंद एकदाच होईल आणि पैसे दोनदा जातील. क्रमांक बटण दाबताना तयार करू नये, अर्ज उघडतानाच करावा, याचे कारणही लक्षात ठेवावे: उत्तर येत नाही म्हणून अस्वस्थ झालेला माणूस तेच बटण पुन्हा दाबतो, आणि दर दाबण्याला नवा क्रमांक मिळाला तर सगळी व्यवस्था व्यर्थ जाते.

पुन्हा पाठवण्याआधी किती वेळ थांबायचे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. मुदत फार कमी ठेवली तर मंदावलेल्या सर्व्हरवर दुप्पट भार पडतो, आणि फार जास्त ठेवली तर काउंटरवरचा माणूस ताटकळतो. आधी मोजावे. शंभरांपैकी ९९ उत्तरे दोन सेकंदांत येत असतील, तर मुदत त्याहून थोडी अधिक ठेवावी. त्यानंतर लगेच न पाठवता एक, दोन, चार, आठ सेकंद असे वाढत्या अंतराने पाठवावे आणि प्रत्येक अंतरात थोडा यादृच्छिक फरक मिसळावा. गावात लाइट आली की वाडीतले सगळे पंप एकदम सुरू होऊन फ्यूज उडतो, हे आपण पाहिलेले आहे. टॉवर परत सुरू झाल्यावर शंभर फोन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात तेव्हा नेमके हेच घडते, आणि तो यादृच्छिक फरक त्यांना पांगवतो. पुन्हा पाठवण्याचे काम एकाच थरावर ठेवावे. ॲप, मधली सेवा आणि डेटाबेसशी बोलणारा भाग असे तिन्ही थर प्रत्येकी तीन प्रयत्न करू लागले, तर एका नोंदणीचे डेटाबेसवर २७ प्रयत्न होतात, आणि तेही तो आधीच दमलेला असताना.

चौथी पायरी: कोणत्या माहितीला कोणते वचन, ते वेगवेगळे ठरवा

संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये एक अनुमान मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये ते सिद्ध केले. त्याचा आशय असा, की प्रणालीचे दोन भाग एकमेकांपासून तुटलेले असताना प्रत्येक वाचनाला अगदी ताजी माहिती मिळण्याची हमी आणि प्रत्येक विनंतीला उत्तर मिळण्याची हमी, या दोन्ही एकदम देता येत नाहीत. देवगडची केबल तुटली आहे आणि काउंटरवर ग्राहक उभा आहे: एकतर त्याला ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हणावे लागेल, किंवा वाशीने तीच पेटी विकली असण्याचा धोका पत्करावा लागेल. डॅनियल अबादी यांनी २०१२ मध्ये याला महत्त्वाची जोड दिली, की जोडणी शाबूत असतानाही निवड करावीच लागते, कारण सर्व प्रतींची संमती घ्यायची तर वेळ जातो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. देवगड ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन येण्यास किमान तीन मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्षात वळणे व मधली यंत्रे धरून त्याच्या कितीतरी पट लागतात. कोणतेही सॉफ्टवेअर ही किमान मर्यादा ओलांडू शकत नाही.

नवोदित इथे संपूर्ण प्रणालीसाठी एकच निवड करून बसतात. ‘आमची प्रणाली ताजेपणाची’ किंवा ‘आमची प्रणाली अखंड चालणारी’ असे ते जाहीर करतात. माझ्या मते नवोदितांच्या हातून होणारी ही सर्वांत महागडी चूक आहे. निवड माहितीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी करावी. पैशांच्या खातेवहीत शंका आली तर काम थांबवावे, कारण चुकीची रक्कम दुरुस्त करण्यापेक्षा थोडा वेळ थांबणे बरे. दरपत्रक तासाभराने जुने असले तरी चालते, मात्र ग्राहकाला जो दर दिसला तोच नोंदीत लिहून ठेवावा आणि तोच आकारावा. पिकवणीच्या खोलीतले तापमान दर मिनिटाला नोंदवले जाते. त्यातल्या दोन-चार नोंदी हरवल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पेट्यांचा साठा या दोन टोकांच्या मध्ये येतो, आणि त्यासाठी एक जुना, उत्तम उपाय आहे: वाटणी. समजा आज नोंदणीला १,२०० पेट्या आहेत. सकाळी जोडणी चांगली असतानाच ५०० वाशीच्या, ३०० देवगडच्या आणि ४०० ऑनलाइन नोंदणीच्या नावे टाकाव्यात. प्रत्येक ठिकाण आपल्या वाट्यातून कोणालाही न विचारता विकू शकते, केबल तुटली तरी विकू शकते, आणि एकही पेटी दोनदा विकली जात नाही. याची किंमतही उघड आहे: देवगडचा वाटा दुपारी संपला आणि जोडणी नसली, तर वाशीला पेट्या शिल्लक असतानाही देवगडचा ग्राहक परत जातो.

वाट्यांची अदलाबदल मात्र क्रमाने करावी लागते, आणि तो क्रम नीट समजून घ्यावा. वाशीच्या १०० पेट्या देवगडकडे वळवायच्या असतील, तर वाशीने आधी स्वतःच्या खात्यातून १०० वजा करून त्या हस्तांतराला एक क्रमांक द्यावा आणि देवगडची पोच येईपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहावे. देवगडने तो क्रमांक पहिल्यांदा दिसेल तेव्हाच १०० मिळवावेत आणि क्रमांक लक्षात ठेवावा. मध्येच जोडणी तुटली तर काही काळ त्या १०० पेट्या कोणाच्याच खात्यात नसतात आणि एकूण बेरीज १०० ने कमी दिसते. हे चालेल, जोडणी आल्यावर त्या सापडतात. क्रम उलटा केला, आधी देवगडला मिळवून मग वाशीतून वजा केले, तर तुटीच्या काळात त्याच १०० पेट्या दोन खात्यांत असतात आणि दोन्हीकडे विकल्या जातात. निरोप तेच, आकडेही तेच असतात, आणि तरी केवळ क्रमामुळे एका बाजूला थोडी गैरसोय होते, तर दुसऱ्या बाजूला शंभर ग्राहकांना दिलेला शब्द मोडतो.

अशी वाटणी किती आणि कशी करायची, हे संगणकाच्या माणसाने एकट्याने ठरवू नये. मी हा प्रश्न एका ज्येष्ठ बागायतदारांना विचारला तेव्हा त्यांनी लगेच सांगितले की, नेहमीच्या गिऱ्हाइकाला कधीही नाही म्हणायचे नाही आणि त्यासाठी रोज दहा पेट्या हातच्या राखून ठेवायच्या. त्या दहा पेट्यांमुळे मला लिहावा लागणारा बराचसा गुंतागुंतीचा कोड टळला. धंद्यातल्या माणसाला चुकीची किंमत ठाऊक असते, म्हणून कोणती चूक परवडेल हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे.

पाचवी पायरी: प्रती आणि बहुमत

खातेवहीसारख्या माहितीच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवाव्या लागतात. मुख्य प्रतीने नोंद लिहून लगेच ‘झाले’ म्हणायचे आणि दुसऱ्या प्रतीला मागाहून कळवायचे, ही पद्धत वेगवान आहे, पण मुख्य यंत्र तेवढ्यात मेले तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी, ‘झाले’ असे सांगून झालेल्या नोंदी, नाहीशा होतात. दुसऱ्या प्रतीची पोच आल्यावरच ‘झाले’ म्हणणे सुरक्षित आहे, पण ती प्रत बंद पडली की सगळेच लिहिणे थांबते. या दोन्हींतून वाट काढण्यासाठी बहुमत वापरतात: तीनपैकी दोन, किंवा पाचपैकी तीन प्रतींनी लिहिले की नोंद पक्की. कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक प्रत समान असतेच, म्हणून पक्की झालेली नोंद पुढच्या बहुमताच्या नजरेतून सुटत नाही. तीन प्रतींत एक गेली तरी चालते. चार केल्या तर बहुमत तीनचे होते आणि तरीही एकच गेलेली चालते, म्हणून संख्या विषम ठेवतात.

जागांची निवड करताना एक सापळा टाळावा. दोनच शहरांत प्रती ठेवल्या, समजा मुंबईत दोन आणि हैदराबादेत एक, तर मुंबई तुटताच बहुमत जाते आणि हैदराबादची धडधाकट प्रतसुद्धा काही लिहू शकत नाही. तिसऱ्या ठिकाणी एक प्रत हवीच, मग ती केवळ मत देणारी लहानशी का असेना. केंद्रावरच्या संगणकाला मात्र या मतदानात घेऊ नये. त्याने आपल्या वाट्यातून विकावे आणि हिशेब कळवावा. वीज जाणाऱ्या यंत्राला मतदार केले, तर दर खंडिततेला एक मत आधीच गेलेले असते.

यंत्रांमध्ये एकमत घडवणारा कार्यक्रम स्वतः लिहू नये, हे मी आग्रहाने सांगतो. लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही पद्धत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि समजायला कठीण म्हणून ओळखली गेली. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट ही पद्धत समजायला सोपी असावी याच उद्देशाने मांडली. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की, निरोपांना किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी यंत्र मरू शकत असेल, तर एकमत नक्की होईलच अशी हमी देणारी ठरावीक पद्धत असू शकत नाही. म्हणून प्रत्यक्षातल्या पद्धती वेळेच्या मुदतींचा आधार घेतात. राफ्टच्या मूळ लेखात नेता, म्हणजे नोंदी स्वीकारून इतरांना कळवणारे मुख्य यंत्र, मेला असे मानून नवी निवडणूक सुरू करण्याची मुदत १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान यादृच्छिकपणे घेतली आहे. हा आकडा एकाच इमारतीतल्या वेगवान जोडणीसाठी ठीक आहे. दूरच्या शहरांत तो तसाच उचलला तर जिवंत नेत्याला वारंवार मृत ठरवले जाईल. ईटीसीडीसारखे राफ्टवर चालणारे, अनेकांनी वापरून तावून सुलाखून निघालेले साधन घ्यावे आणि त्याच्या मुदती आपल्या जोडणीच्या मापाने बदलाव्यात.

सहावी पायरी: घड्याळावर आणि कुलपावर विसंबू नका

दोन नोंदींपैकी नंतरची कोणती, हे घड्याळाच्या वेळेवरून ठरवू नये. एखाद्या फोनचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल आणि ‘शेवटची नोंद खरी’ असा नियम असेल, तर त्या फोनवरून टाकलेला चुकीचा पत्ता पुढची सात मिनिटे कोणालाही दुरुस्त करता येत नाही. दुरुस्ती होते, पण प्रणाली तिला जुनी समजून टाकून देते. लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये यावर साधा नियम दिला: प्रत्येक यंत्राने एक आकडा ठेवावा, प्रत्येक घटनेला तो एकाने वाढवावा, निरोपासोबत तो पाठवावा, आणि निरोप घेणाऱ्याने आपला व आलेला यांतला मोठा आकडा घेऊन त्यात एक मिळवावा. त्यामुळे कारण नेहमी परिणामाच्या आधी राहते. गूगलने आपल्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये खऱ्या वेळेचा आधार घेतला आहे, पण त्यासाठी माहितीकेंद्रांत जीपीएस आणि अणुघड्याळे बसवली आहेत, आणि २०१२ च्या लेखात त्यांनी सांगितले आहे की, घड्याळाची अनिश्चितता सरेपर्यंत व्यवहार मुद्दाम थांबवून धरला जातो.

कुलपाचेही, म्हणजे एका वेळी एकाच कार्यक्रमाला लिहू देणाऱ्या परवानगीचेही, असेच आहे. एकेरी लोहमार्गावर पूर्वी चालकाला त्या टप्प्याचे टोकन ही वस्तू हाती मिळाल्याशिवाय पुढच्या टप्प्यात गाडी नेता येत नसे, आणि ती वस्तू एका वेळी दोन हातांत असूच शकत नव्हती. संगणकातले कुलूप मुदतीचे असते. ज्याच्याकडे ते होते तो कार्यक्रम अर्धा मिनिट गोठला, मुदत संपली, कुलूप दुसऱ्याला मिळाले, आणि मग पहिला जागा होऊन कुलूप अजून आपलेच आहे अशा समजुतीने लिहू लागला, असे खरोखर घडते. म्हणून कुलपाबरोबर दर वेळी वाढणारा क्रमांक द्यावा, आणि साठवणूक करणाऱ्या यंत्राने मोठा क्रमांक पाहिल्यानंतर लहान क्रमांकाचे लिखाण नाकारावे. राखण साठवणुकीच्या दाराशीच हवी. कुलूप देणारा तिथे हजर नसतो.

सातवी पायरी: पावसाळी वेळापत्रक लिहून ठेवा

कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावते. गाड्यांचा वेग कमी होतो, प्रवास लांबतो, आणि हा निर्णय दरड कोसळल्यावर घाईत न घेता आधीच छापून जाहीर केलेला असतो. आपल्या प्रणालीचेही असे पावसाळी वेळापत्रक असावे. भार वाढला किंवा एखादा भाग गेला तर आधी अहवाल बंद करावेत, मग फोटो, मग शोध, आणि नोंदणी व पैसे सर्वांत शेवटपर्यंत चालू ठेवावेत. विनंत्यांच्या रांगेला लांबीची मर्यादा असावी. ती भरली की नव्या विनंतीला ताबडतोब ‘थोड्या वेळाने या’ असे सांगावे. अमर्याद रांग दयाळू वाटते, पण तिच्यातल्या मागच्या विनंत्यांची पाळी येईपर्यंत ग्राहक निघून गेलेला असतो आणि सर्व्हर कोणालाच नको असलेली उत्तरे तयार करत बसतो.

आठवी पायरी: हंगामाआधी तालीम करा

पावसाच्या तोंडावर घर शाकारतात आणि आगोटीची बेगमी करतात, तशी आंब्याच्या हंगामाआधी, फेब्रुवारीतच, प्रणालीची तालीम करावी. खरी केबल काढावी. मुख्य यंत्र नीट बंद न करता त्याची वीज तोडावी. फोनचे घड्याळ दहा मिनिटे पुढे करावे. डिस्क मुद्दाम भरावी. जोडणी पूर्ण न तोडता फक्त मंद करावी, कारण हाच बिघाड सर्वांत कमी तपासलेला असतो. प्रत्येक वेळी आधी कागदावर लिहावे की आता काय होईल असे आपल्याला वाटते, आणि मग प्रत्यक्ष काय झाले ते शेजारी लिहावे.

देखरेखीसाठी यंत्र जिवंत आहे का एवढेच पाहू नये. दर पाच मिनिटांनी एक खोटी नोंदणी पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहणारा कार्यक्रम ठेवावा, आणि तिन्ही ठिकाणचे शिल्लक वाटे, वाटेतली हस्तांतरे व विकलेल्या पेट्या यांची बेरीज सकाळच्या १,२०० शी जुळते का, हे रोज रात्री तपासावे. ही बेरीज जुळली नाही, त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर आधी नेहमी दोनच जागा येतात: क्रमांकाशिवाय पाठवलेला एखादा निरोप, किंवा उलट्या क्रमाने झालेले एखादे हस्तांतर.

शेवटी बॅकअप परत उभा करून पाहावा. रिकाम्या यंत्रावर कालच्या बॅकअपमधून प्रणाली सुरू करावी, किती वेळ लागला तो मोजावा, आणि पासवर्ड, परवाने, सेटिंग यांपैकी काय बॅकअपमध्ये नव्हते म्हणून अडले, याची नोंद करावी. पहिल्या वेळी काहीतरी अडतेच. माझ्याकडे बॅकअप उघडण्याची किल्ली त्याच सर्व्हरवर होती, ज्याचा तो बॅकअप होता. आता ती किल्ली छापून दोन वेगळ्या गावांतल्या दोन घरांत ठेवलेली असते, आणि दर फेब्रुवारीत तालमीच्या दिवशी तिच्यावरूनच प्रणाली उभी केली जाते.